व्हेंडिंग मशीन की किऑस्क? कोल्हापुरातून आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही प्रकारची मशीन बसवणं आणि दुरुस्त करणं हा आमचा धंदा. राजारामपुरीतले दुकानदार असोत, शिरोली एमआयडीसीतले एचआरवाले असोत की एखाद्या हॉस्पिटलचे मॅनेजर, बहुतेकांचा फोन एकाच वाक्यानं सुरू होतो: "ते स्क्रीनवालं मशीन पाहिजे होतं." आता स्क्रीन दोन्हींना असते, क्यूआरही दोन्हींवर दिसतो. मग कोटेशन एकाचं मागवलं जातं आणि गरज दुसऱ्याचीच निघते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

दोन्हींत नेमका फरक काय?

पुढून बघून कळणार नाही, दार उघडून बघा. आत विकायचा माल रचलेला असेल तर ते व्हेंडिंग मशीन. आत कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरी आणि कागदाचा रोल असेल तर तो किऑस्क.

व्हेंडिंग मशीन वस्तू देतं: बिस्कीट, पाण्याची बाटली, चहा, हातमोजे. किऑस्क काम करून देतो: टोकन, तिकीट, बिलाचा भरणा, पासबुकातल्या नोंदी, जेवणाची ऑर्डर. कागद सोडला तर किऑस्कच्या पोटात संपण्यासारखं काही नसतं.

बाकीचे फरक यातूनच येतात. व्हेंडिंग मशीन बिघडतं ते हलणाऱ्या भागांत: मोटर, स्प्रिंग, कॉम्प्रेसर, नाण्याची खाच. किऑस्क बहुधा बिघडत नाही, अडतो. नेट जातं, मागचा सर्व्हर उत्तर देत नाही, प्रिंटर रुसतो. इंटरनेट नसताना नाण्यावर चालणारं व्हेंडिंग मशीन दिवसभर धंदा करू शकतं. किऑस्कला मागचं सॉफ्टवेअर भेटलं नाही, तर पुढच्या स्क्रीनचा काही उपयोग नाही.

म्हणून किंमत सांगायच्या आधी आम्ही एक विचारतो: रोज सकाळी या मशीनजवळ कोण जाणार? उत्तर आलं नाही तर आम्ही ऑर्डर घ्यायला कचरतो. धंद्याच्या दृष्टीनं हा शहाणपणा नाही हे आमचे भागीदार सांगत असतात.

रेल्वेचं एटीव्हीएम, बँकेचं एटीएम, पाण्याचं एटीएम, ही कशात मोडतात?

एटीव्हीएम म्हणजे ऑटोमॅटिक तिकीट व्हेंडिंग मशीन. नावात व्हेंडिंग आहे, पण ते किऑस्कच. आत तिकिटांची गड्डी नसते. तुम्ही स्टेशन निवडता, पैसे देता, तिकीट त्या क्षणी छापलं जातं.

बँकेचं एटीएम मधलं. खातं तपासण्याचं काम किऑस्कचं, पण पोटात नोटा भरलेल्या, म्हणजे माल आहेच. त्यामुळे त्याला दोन्हींची दुखणी आहेत: नेटवर्कही जातं आणि मालही संपतो. पासबुक छापणारं मशीन मात्र निखळ किऑस्क. पासबुकावरचा बारकोड वाचायचा, नोंदी छापायच्या, पासबुक परत द्यायचं.

पाण्याचं एटीएम हे सरळ व्हेंडिंग मशीन. माल म्हणजे टाकीतलं पाणी.

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये क्यूआरवर चालणाऱ्या नाण्यांच्या मशीनचा प्रयोग १२ शहरांत करणार असल्याचं जाहीर केलं होतं. यूपीआयनं पैसे द्यायचे आणि सुट्टी नाणी घ्यायची. तिथं नाणी हाच माल, तेव्हा तेही व्हेंडिंगच.

आणि स्टेशनवरचं रंगीत दिव्यांचं वजनाचं मशीन?

नाणं टाकलं की वजन आणि भविष्य छापलेलं पुठ्ठ्याचं तिकीट हातात पडायचं. माणूस पैसे द्यायचा ते वजन कळावं म्हणून, म्हणजे कामासाठी. आमच्या मते तो किऑस्क. दुकानातल्या पोरांना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं तिकीट म्हणजे मालच. वाद मिटलेला नाही.

मॉलवाले म्हणतात "किऑस्कची जागा भाड्यानं आहे". तिथं मशीन ठेवता येईल ना?

आधी करारपत्र वाचा. मॉल, प्रदर्शन, मंगल कार्यालयाचं लॉन इथं किऑस्क म्हणजे बहुतेकदा चहूबाजूंनी मोकळा छोटा ठेला, ज्यात माणूस उभा राहून विकतो. भाडं चौरस फुटावर, लाइटची सोय ठेल्यापुरती, आणि रात्री मॉल बंद झाला की मेन स्विचही बंद. थंड पेयांच्या मशीनला रात्रभर लाइट लागते. करारात "२४ तास वीजपुरवठा" असं स्पष्ट लिहून घेतलं नसेल तर सकाळी सगळ्या बाटल्या कोमट.

मशीन बसवलं की बसून पैसे मिळत्यात म्हणे. खरं काय?

समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंचा हा प्रसाद आहे. आपण आकडेमोड करूनच बघू. समजा दिवसाला ४० पाकिटं गेली आणि पाकिटामागे सरासरी २० रुपये. विक्री झाली ८०० रुपये. छापील किमतीच्या मालावर समजा १२ टक्के सुटले, तर दिवसाचे ९६ रुपये. महिन्याचे २,८८०. यातून लाइटबिल, सिमकार्डचा रिचार्ज, जागेचं भाडं, मुदत संपून फेकलेला माल आणि माल भरायला जाणाऱ्याचं पेट्रोल वजा करा. मशीनचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

परदेशात हा धंदा चालतो आणि आपल्याकडे रडतो, याचं मोठं कारण एमआरपी. पाकिटावर २० छापलं असेल तर मशीन २५ घेऊ शकत नाही, कायदा तशी मुभा देत नाही. रात्री दोन वाजता थंड बाटली मिळते या सोयीचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. मग कमाई होते ती जिथं एमआरपी नाही तिथं, म्हणजे कपातला चहा, कॉफी, सूप. भारतात सगळ्यात जास्त रुळलेलं व्हेंडिंग मशीन ऑफिसातलं चहा-कॉफीचं आहे, ते उगाच नाही.

कंपनीला कामगारांसाठी सोय म्हणून मशीन हवं असेल तर गणित वेगळं. तिथं जागा आणि लाइट कंपनी देते, तीन पाळ्यांत गिऱ्हाईक बांधलेलं असतं. गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीत आम्ही बिनधास्त हो म्हणतो. गल्लीच्या तोंडाला, समोर दोन टपऱ्या असताना, आम्ही नको म्हणतो. टपरीवाला उधार देतो, गप्पा मारतो आणि चहा उकळतो. त्याच्याशी मशीननं काय म्हणून स्पर्धा करावी?

किऑस्कमधून कमाई होते का?

थेट नाही. किऑस्क रांग कमी करतो आणि काउंटरवरच्या माणसाचा वेळ वाचवतो. तुमच्याकडे रांगच नसेल तर किऑस्क ही शोभेची वस्तू.

चहाचं मशीन पैसे घेत नाही, नुसतं बटण दाबायचं. तरी ते व्हेंडिंग?

हो. पैसे घेतले की नाही यावर काही ठरत नाही. आत डबे असतात, त्यात दूध पावडर, साखर आणि चहाचा अर्क एकत्र असलेलं प्रीमिक्स. बटण दाबलं की ठरलेली पावडर खालच्या भांड्यात पडते, बॉयलरमधलं गरम पाणी येतं, छोटा पंखा ते घुसळतो आणि कपात सोडतो. घुसळायचं ते भांडं आणि नळी रोज धुवावी लागते. ती न धुता दोन दिवस सुट्टी गेली तर सोमवारचा पहिला कप कुणी पिऊ नये.

उद्यमनगरातल्या आणि एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये पैसे न घेणारं आणखी एक मशीन येऊ लागलं आहे: टूल देणारं. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, लागणारे कार्बाइडचे इन्सर्ट (धातू कापणारी छोटी पाती) आकारानं नखाएवढे, पण महाग. पूर्वी स्टोअरकीपर वहीत सही घेऊन द्यायचा. आता कामगार आपलं कार्ड दाखवतो, कप्पा उघडतो, आणि कुणी, कुठल्या मशीनसाठी, किती घेतले याची नोंद आपोआप होते. इथं इन्सर्टइतकीच ती नोंद मोलाची आहे. हातमोजे, मास्क, इअरप्लग यांनाही तेच. खप किती आणि नासाडी किती हे पहिल्यांदा आकड्यांत दिसतं. फाउंड्रीवाल्या मालकांना आम्ही खाऊच्या मशीनआधी हेच सुचवतो.

पाकीट स्प्रिंगमध्ये का अडकतं? आमच्याकडे भडंग तर हमखास लटकतंय.

प्रत्येक ओळीत स्टीलची एक लांब स्प्रिंग असते आणि तिच्या दोन वेढ्यांमध्ये एकेक पाकीट उभं असतं. मोटर स्प्रिंगला बरोबर एक फेरा देते, सगळी ओळ एका घरानं पुढे सरकते आणि पुढचं पाकीट खाली पडतं. दोन वेढ्यांमधलं अंतर आणि पाकिटाची जाडी जुळली पाहिजे, सगळी मेख तिथं आहे.

भडंगाचं पाकीट हवेनं फुगलेलं आणि वजनाला हलकं. ते वेढ्यांत दाबून बसवलं जातं, आणि पडायची वेळ आली की वरची शिवण स्प्रिंगच्या टोकाला अडकून पाकीट तिरकं लोंबतं. वजनदार बाटली अशा वेळी आपल्या भारानं सुटते, भडंग सुटत नाही. उपाय असे: त्या ओळीला जास्त अंतराची स्प्रिंग लावा, मग पाकिटं कमी बसतील पण पडतील. थांबल्यावर स्प्रिंगचं टोक खालच्या बाजूला राहील असं फिरवून बसवा. तरीही लटकलं तर टोकाला प्लास्टिकचा पुशर लावतात, तो पाकिटाला शेवटचा धक्का देतो. आणि भरताना पाकीट कोंबू नका. माल भरणाऱ्या पोराला घाई असते आणि निम्मी दुखणी तिथं सुरू होतात.

मशीन हलवू नका, लाथ तर मुळीच घालू नका. रिकामं मशीनच अडीचशे-तीनशे किलोचं असतं, अंगावर आलं तर जिवावर बेतेल.

पैसे कट झाले, पाकीट आलंच नाही. आता?

यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्या वेगळ्या ओळखा.

पहिली: बँकेतून पैसे गेले, पण मशीनला "पैसे मिळाले" हा निरोप पोचलाच नाही. मोटर फिरलीच नाही. हा पेमेंटचा घोळ. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

दुसरी: पैसे पोचले, मोटर फिरली, पण पाकीट लटकलं. यात बँकेचा संबंध नाही, मशीनवाल्यानं पैसे द्यायचे. चांगल्या मशीनमध्ये माल पडतो त्या जागी इन्फ्रारेड किरणांचा पडदा असतो. पाकीट त्यातून गेलं नाही तर मशीन आणखी थोडा फेरा देऊन बघतं, आणि तरीही काही पडलं नाही तर रिफंडचा निरोप पाठवतं. हा सेन्सर नसलेलं स्वस्त मशीन घेतलंत, तर रिफंडचे फोन तुमच्या खासगी नंबरवर येतील. मशीन नंबर, वेळ आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक मागून घ्या, वाद लगेच मिटतो.

किऑस्कचं उलटं असतं. बिल भरलं आणि पावती आली नाही म्हणजे बिल भरलंच नाही असं नव्हे. नोंद मागच्या सिस्टीममध्ये झालेली असते, फक्त कागद आलेला नसतो. लोक घाबरून तिथंच दुसऱ्यांदा पैसे भरतात. भरू नका, आधी काउंटरवर किंवा ॲपमध्ये नोंद बघा.

दुकानातलाच क्यूआर स्टिकर मशीनवर चिकटवला तर नाही का चालणार?

चालणार नाही. स्टिकरवरचा क्यूआर पैसे तुमच्या खात्यात आणतो, मशीनला ते कळत नाही. मशीनच्या स्क्रीनवर दर व्यवहाराला नवा क्यूआर येतो, त्यात रक्कम आणि व्यवहाराची ओळख बांधलेली असते. पैसे आले की पेमेंट कंपनीचा सर्व्हर मशीनमधल्या सिमवरून निरोप देतो, मग मोटर फिरते. तळमजल्याच्या कोपऱ्यात, लिफ्टच्या मागं रेंज नसेल तर हे सगळं लटकतं. जागा ठरवताना आधी त्या कोपऱ्यात उभं राहून आपल्या मोबाइलवरून एक पेमेंट करून बघा.

नाण्यांचं मशीन घ्यावं का?

शक्यतो नको. नाणं ओळखणारा भाग व्यास, जाडी आणि धातू बघतो. आपल्याकडे एकाच किमतीची नाणी किती तऱ्हेची आहेत बघा. १० रुपयांच्या नाण्याच्या १४ तऱ्हा चलनात असून सगळ्या वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सांगावं लागलं होतं. माणसालाच शंका येते तिथं मशीनला का येऊ नये? पुढं बारा कडांचं २० रुपयांचं नाणं आलं, ते जुन्या मशीनला माहीतच नाही. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर हा प्रश्न बराच सुटला.

शाळा-कॉलेजात जिथं मुलींकडे मोबाइल नसतो तिथं मात्र सॅनिटरी पॅडच्या मशीनला नाणंच ठेवा. आणि एक कडवट गोष्ट: उद्घाटनाच्या दिवशी भरलेली ही मशीन नंतर भिंतीवर रिकामी लटकलेली आम्ही बघतो. बिघडलेली नसतात. किल्ली कुणाकडं आणि पॅड कुठल्या खात्यातून आणायचे, हे कुणी ठरवलेलंच नसतं. तुमच्या संस्थेत एका बाईंच्या नावावर किल्ली आणि खर्च लिहून द्या, मगच आम्हाला बोलवा.

लाइट गेली तर?

किऑस्कला छोटा यूपीएस पुरतो आणि तो लागतोच. मध्येच बंद पडला तर व्यवहार अर्धवट राहतो. थंड व्हेंडिंग मशीन यूपीएसवर चालवायच्या फंदात पडू नका, कॉम्प्रेसर सुरू होताना जोराचा झटका घेतो. दार बंद ठेवलं तर थंडावा काही वेळ टिकतो. लाइट येताना व्होल्टेज वरखाली होतं, त्यासाठी स्टॅबिलायझर बसवा.

पावसाळ्यात आणि पुरात काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न पुण्यामुंबईचे विक्रेते विचारत नाहीत, आपण विचारायलाच हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं, ते तुमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा. भिंतीवर खूण असेल तर ती बघा. थंड व्हेंडिंग मशीनचा कॉम्प्रेसर तळाला असतो, फूटभर पाणी चढलं तरी महागातला भाग बुडतो. किऑस्कमध्येही यूपीएस बहुतेक वेळा तळालाच ठेवलेला असतो, तो मात्र वरच्या फळीवर बसवून घेता येतो. विक्रेत्याला तसं सांगा. तीनशे किलोचं मशीन ऐनवेळी उचलून माडीवर नेता येत नाही. नदीची पातळी वाढत्याय अशी बातमी आली की माल काढा, प्लग काढा, शक्य असेल तर मशीन पॅलेटवर चढवा.

पाणी ओसरल्यावर "चालतंय का बघू" म्हणून स्विच टाकू नका. आत गाळ असतो, बोर्ड ओले असतात. इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय नाही.

पूर नसला तरी आषाढ-श्रावणात फरशी ओली असते आणि दोन्ही मशीनचा सांगाडा पत्र्याचा. अर्थिंग नीट असलंच पाहिजे आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइट तोडणारा स्विच, हवा. खर्च फार नाही, आणि यात तडजोड करणाऱ्याच्या जागेत आम्ही मशीन बसवत नाही.

आमच्या फाउंड्रीत मशीन सारखं गरम होतंय. खराब माल दिलाय का?

बहुधा नाही. मागची जाळी उघडून कंडेन्सर (आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग) बघा. फाउंड्रीतली बारीक वाळू आणि काजळी त्याच्या पात्यांत बसते, हवा जात नाही, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. ब्रशनं आणि ब्लोअरनं दर आठवड्याला साफ करा. मशीन मोल्डिंग शॉपमधून काढून कॅन्टीनच्या भिंतीला हलवलं तर निम्मा त्रास संपेल.

हॉस्पिटलात केसपेपरसाठी किऑस्क बसवला, पण लोक रांगेतच उभे राहतात. असं का?

खेड्यातून पहाटेच्या एसटीनं आलेल्या आजींना स्क्रीनवर बोट ठेवायला सांगणं सोपं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी किऑस्कजवळ एक माणूस उभा करा. रेल्वेनंही तेच केलं. एटीव्हीएमजवळ तिकीट काढून देणारे मदतनीस नेमले, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारीही असतात. "दादा, एवढं काढून द्या की," एवढं म्हणायला कुणीतरी समोर लागतं.

दुसरं, पहिलीच स्क्रीन मराठीत ठेवा. इंग्रजी स्क्रीनवर कोपऱ्यात बारीक "मराठी" लिहून भागत नाही. "नोंदणी प्रक्रिया प्रारंभ करा" असलं काही लिहू नका, "केसपेपर काढा" लिहा. आणि स्क्रीन आपोआप पहिल्या पानावर जायची वेळ वाढवा. चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत सगळं पुसलं जात असेल तर माणूस पुन्हा वाटेला जात नाही.

पावतीवर मराठीच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हं येतात.

अनेक थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं मुळात भरलेलीच नसतात. इंग्रजी मजकूर ते थेट छापतात, मराठीचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की पावती आधी चित्र म्हणून तयार करून प्रिंटरला पाठवा. छपाई थोडी सावकाश होईल, पण जोडाक्षरं शाबूत येतील.

पावती कोरीच बाहेर येते. शाई संपली का?

शाई नसतेच. कागदाच्या एका बाजूला रसायनाचा थर असतो, तो उष्णतेनं काळा पडतो. नव्वद टक्के वेळा रोल उलटा बसलेला असतो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार होणार नाही. रोलची कड घ्या आणि नखानं जोरात ओरखडा मारा. ज्या बाजूला काळी रेघ उठते ती बाजू प्रिंटरच्या छपाईच्या डोक्याकडे हवी. विकत घेताना रुंदी बघा, किऑस्कमध्ये बहुतेक ८० मिलिमीटरचा रोल लागतो, छोट्या बिलमशीनचा ५८ चा बसत नाही. आणि ही पावती महिनोन्महिने जपायची असेल तर फोटो काढून ठेवा, उन्हात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ती पुसट होते.

ही मशीन आत्ताची का?

मुळीच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं देवळात तीर्थाचं पाणी देणाऱ्या यंत्राचं वर्णन केलं आहे. नाणं तबकावर पडायचं, त्याच्या भारानं दांडी कलून झडप उघडायची, नाणं घरंगळून खाली गेलं की झडप बंद आणि पाणी बंद. भक्तांनी जादा तीर्थ नेऊ नये हा हेतू. पुढं १८८३ मध्ये लंडनमध्ये पोस्टकार्ड विकणारं मशीन आलं. किऑस्क त्या मानानं पोरसवदा, तो कॉम्प्युटर आल्यावरचा.

दुधाचं मशीन कोल्हापुरात चालेल का?

तांत्रिक अडचण काही नाही. अमूलनं २०१४ मध्ये आणंदला दुधाची पाकिटं देणारं मशीन बसवलं होतं. सुट्ट्या दुधाचं मशीनही असतं, त्यात टाकी सतत चार अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागते आणि टाकी-नळ्या रोज धुवाव्या लागतात. पण गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळ पेला हातात, अशी सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला पत्र्याच्या पेटीतलं दूध तुम्ही कसं विकणार, हे तुम्हीच ठरवा. पहाटे बाहेर पडणाऱ्या एमआयडीसीतल्या कामगारांसाठी किंवा हॉस्टेलजवळ पाकिटांचं मशीन चालू शकेल.

परवाने कुठले लागतात?

खाण्यापिण्याचं मशीन असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. नुसता टोकन देणारा किऑस्क असेल तर त्याचा प्रश्नच नाही. मात्र किऑस्क रुग्णाचं नाव, मोबाइल नंबर घेत असेल तर ती माहिती कुठं साठते आणि कोण बघतो हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

शाळेत मशीन ठेवताना जपून. २०२० च्या एफएसएसएआय नियमांप्रमाणे जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. म्हणजे चिप्स आणि कोल्ड्रिंक बाद. चणे-फुटाणे, दूध, पाणी ठेवा.

सिगारेट, गुटखा, तंबाखू?

नाही. तंबाखूचे पदार्थ मशीनमधून विकायला कायद्यानं बंदी आहे.

औषधं?

औषधविक्रीला परवाना लागतो. मशीनमध्ये मास्क, सॅनिटायझर, पॅड, डायपर ठेवा आणि गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका.

जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

व्हेंडिंग मशीन असेल तर आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा आणि सकाळी आतलं तापमान स्वतः थर्मामीटरनं बघा, पुढच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक स्प्रिंग एकदा फिरवा. यूपीआयचा भाग कुठल्या कंपनीचा आहे आणि तिचं खातं तुमच्या नावावर होईल का ते विचारा, नाहीतर विक्री तुमची आणि पैसे जुन्या मालकाच्या खात्यात.

किऑस्क असेल तर पेटीला फारसं मोल देऊ नका. स्क्रीन चारही कोपऱ्यांत बोटाला दाद देते का, प्रिंटरचा रोल बाजारात मिळतो का आणि सॉफ्टवेअर तुमच्या कामाला बदलून मिळेल का, हे तीन विचारा. सॉफ्टवेअर बंद पडलेल्या कंपनीचं असेल तर भंगाराच्या भावाच्या वर एक रुपया देऊ नका.